आग्वा

नात बालवर्गात जायला लागून दोन महिने झाले असतील. दप्तर टाकलं आणि म्हणाली, "आजी, आग्वा दे." लेक हसत सुटली. आग्वा म्हणजे स्पॅनिशमध्ये पाणी. इथे अमेरिकेत, टेक्सस राज्यातल्या सॅन अँटोनिओत, हिच्या वर्गात काही तास स्पॅनिश, काही तास इंग्रजी. मी सोलापूरला तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. मला तो सगळा गोंधळच वाटला.

शाळा सुटायच्या वेळी एक मेक्सिकन आज्जीबाई नातवाला न्यायला येतात. माझं इंग्रजी मोडकं आणि त्या सावकाश बोलतात, त्यामुळे जमतं आमचं. त्यांच्या लहानपणी वर्गात स्पॅनिश शब्द तोंडातून निघाला की छडी बसायची म्हणे. "मग सिनेटर बर्नालनी कायदा बदलला." कोण हे बर्नाल? घरी येऊन लेकीला शोधायला लावलं आणि चार दिवस त्याच माणसात अडकून पडले.

जो बर्नाल जन्मले १९२७ साली, याच शहरात. लनिअर हायस्कूलमध्ये शिकत असताना मुलांच्या छातीवर रिबिनी असायच्या, आम्ही अमेरिकन, आम्ही इंग्रजी बोलतो अशा मजकुराच्या. कुणी स्पॅनिश बोलताना सापडलं की त्याची रिबीन जायची. मास्तरांना पाळत ठेवायची गरजच नाही, मुलंच एकमेकांची पकडणार! शिक्षकांसाठी तर टेक्ससचा १९१८ चा कायदाच होता: परकी भाषा शिकवण्याचा तास सोडून इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवलं तर गुन्हा.

बर्नाल पुढे शिक्षक झाले, वस्तीत समाजकार्य केलं, १९६४ ला टेक्ससच्या विधानसभेवर निवडून आले आणि मग तिथल्या सिनेटवर. १९६८ च्या वसंतात लनिअरचीच पोरं उठली. स्पॅनिश बोलू द्या, कॉलेजला जाता येईल असे विषय शिकवा, या मागण्या. बर्नाल मुलांच्या बाजूला उभे राहिले. मे महिन्यात याच शहरातल्या एजवुड हायस्कूलची चारशेच्या आसपास मुलं वर्ग सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी मेक्सिकन अमेरिकन लोकांचे खटले लढवणारी माल्डेफ ही संस्था या शहरात उभी राहिली, तिच्या उभारणीतही बर्नाल होतेच.

१९६९ ला बर्नाल सिनेटमध्ये आणि कार्लोस ट्रुआन खालच्या सभागृहात, असं दोघांनी मिळून तो १९१८ चा कायदा मोडीत काढला. पण नव्या कायद्याने नुसती परवानगी दिली. ज्या शाळेला नको तिने दोन भाषांत शिकवू नये. सक्ती आली १९७३ ला: एका इयत्तेत इंग्रजी नीट न येणारी वीस मुलं असली की द्विभाषिक वर्ग काढायचाच. तोवर बर्नाल सिनेटमध्ये नव्हते. १९७२ च्या पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले होते. हे वाचून मला फार चुटपुट लागली. ते मात्र पुन्हा विद्यार्थी झाले, पन्नाशीत पीएचडी केली आणि नंतर टेक्ससच्या शिक्षण मंडळावर निवडून आले.

आता माझं सांगते. माझ्या वर्गात निम्मी मुलं विणकरांची, घरी तेलुगू. "शाळेत तेलुगू नाही, मराठीतच बोलायचं," असं मी रोज म्हणायचे. छडी नव्हती हो, पण नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे मी, आणि ती लिहून ठेवायचं काम मॉनिटरकडे. रिबिनीचं वाचलं तेव्हा तो कोपरा डोळ्यांसमोर आला. एक मुलगी वर्षभर वर्गात तोंड उघडत नव्हती. 'मंद' असा शेरा लिहिला होता मी. मधल्या सुट्टीत नळावर तिच्या बहिणीशी ती इतकं भराभर बोलायची की पाणी भरून वाहायचं.

परवा आज्जीबाईंना विचारलं, तुमची मुलं घरी स्पॅनिश बोलतात का? नाही म्हणाल्या. मार खाल्ला होता ना, म्हणून मुलांना शिकवलीच नाही. आता नातू शाळेतून शिकून येतो. तेवढ्यात तो पळत आला, काहीतरी म्हणाला. त्यांनी त्याचा एक शब्द दुरुस्त केला, दोनदा म्हणून घेतला आणि मगच पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली.