तीनशेची तयारी : चाकापेक्षा थांब्यांचा हिशेब

मागच्या नोंदीत दोनशेच्या बीआरएमचं, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या दोनशे किलोमीटरच्या सायकल राइडचं, रडगाणं गाऊन झालं होतं. पुणे–पाचगणी–पुणे, वेळेची मर्यादा साडेतेरा तास, मला लागले १२ तास ५१ मिनिटं. वाटेतल्या ठिकाणांचे शिक्के पूर्ण, पदक मिळणार, आनंदीआनंद. घरी येऊन जीपीएसचा तक्ता उघडला तेव्हा मात्र चेहरा उतरला. चाक फिरत होतं ९ तास ३८ मिनिटं. उरलेले ३ तास १३ मिनिटं मी कुठेतरी उभा, बसलेला किंवा मिसळ खात होतो. बँकेत दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणारा माणूस मी, स्वतःच्या खात्यात एवढी गळती!

त्याच राइडमध्ये एक मॅडम भेटल्या होत्या. पसरणी घाटात मी त्यांना मागे टाकलं, वाईत उतरताना त्या पुढे. सुरूर फाट्याच्या अलीकडे मी पुन्हा पुढे, शिरवळला मी चहा घेत असताना त्या टाटा करून गेल्या. असं चार वेळा झालं. शेवटी त्या माझ्याआधी दोन तास अकरा मिनिटं घरी. त्यांची आकडेवारी मागून घेतली : चाक ९ तास ५५, थांबे ४५ मिनिटं. म्हणजे सायकलवर मी त्यांच्यापेक्षा सतरा मिनिटांनी वेगवान, आणि तरीही! त्या दिवसापासून मी त्यांच्या मागे लागलो की मला रविवारी बरोबर घ्या.

मॅडम हिंजवडीत प्रोजेक्ट मॅनेजर आहेत. वय ४९, मुलगा बारावीत. अमेरिकेबरोबरचे कॉल रात्री साडेनऊपर्यंत चालतात, दहाला झोप, ३:५० ला गजर. आठवड्याला सरासरी आठ तास सायकल, त्यापेक्षा जास्त नाही. मला वाटलं होतं, यांच्याकडे रंगीबेरंगी एक्सेल असणार, हृदयाचे ठोके, वॅट, सगळं. काहीच नाही. फ्रेमच्या आडव्या नळीवर पांढरी मेडिकल टेप चिकटवलेली आणि तिच्यावर बॉलपेनने पुढच्या कंट्रोलची, म्हणजे शिक्का घ्यायच्या ठिकाणाची, बंद व्हायची वेळ. फक्त पुढच्या एकाच. तिथला शिक्का पडला की टेप सोलून टाकायची, खाली दुसरी तयार.

पहिल्या रविवारी बोपदेव घाट चढून सासवडला गेलो. चहाची टपरी दिसली तसा मी उतरायला लागलो, तर मागून आवाज, "कामं किती?" मला कळेना. "उतरायच्या आधी मोठ्यानं सांगायचं. पाणी, मीठ, लघवी. तीन. तेवढी झाली की निघायचं. चहा प्यायचाच असेल तर उभ्यानं." खुर्चीवर बसायला पूर्ण मनाई. खुर्ची दिसली की वीस मिनिटं गेली म्हणायची. मी विचारलं, ही ऑफिसातली शिस्त का? हसल्या. "ऑफिसात मी खुर्चीतच असते रे." त्यानंतर मी एजाइल, स्प्रिंट वगैरे आयटीतले विनोद दोनदा करून पाहिले. दोन्ही वेळा त्यांनी गिअर बदलून वेग वाढवला, मग तो नाद सोडला. तिसऱ्या रविवारपासून मॅडमची ताई झाली, कशी ते आठवत नाही.

खाण्यात एक बदल. माझ्या खिशात एनर्जी जेलची पाकिटं असायची, एकेक शंभर रुपयांच्या वर. ताईंच्या सासूबाई गुळाच्या दशम्या करून देतात, त्या चौकोनी कापून बटर पेपरमध्ये. शिवाय मीठ लावलेले छोटे उकडलेले बटाटे. दर अर्ध्या तासाला एक घास, भूक असो नसो, चालत्या सायकलवर. मला दशमी जमली, बटाटा नाही. तोंड कोरडं असलं की तो घशात अडकतो. ज्यांना जेलच हवी त्यांनी खुशाल घ्यावी, माझं पोट मात्र पाचव्या तासानंतर त्यांना नाही म्हणतं.

डिसेंबरात शिरवळच्या अलीकडे माझा मागचा टायर बाजूनं फाटला. सर्व्हिस रोडवरची काच, करंगळीच्या नखाएवढी चीर, आतून ट्यूब बुडबुड्यासारखी बाहेर. माझ्याकडे दोन ट्यूब होत्या, पण फाटलेल्या टायरात नवी ट्यूब घालून ती किती वेळ टिकणार? ताईंनी सीटखालच्या पिशवीतून एक चपटा तुकडा काढला. टूथपेस्टची ट्यूब उभी चिरून, धुऊन, कोपरे गोल कापलेले. चिरेच्या आतून तो अस्तरासारखा लावला, ट्यूब बसवली, हवा नेहमीपेक्षा कमी भरायला सांगितली. ६० किलोमीटर घरापर्यंत आलो. टायर बदलताना २५ ऐवजी २८ मिलिमीटर रुंदीचे घेतले. हाताच्या करंगळीला येणाऱ्या मुंग्या तेव्हापासून निम्म्यानं कमी.

त्याच पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जुनं ब्रेव्हे कार्ड, म्हणजे शिक्के घ्यायचं कार्ड, होतं. पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, २०१९. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : फ्रान्समधली सायकल राइड, चार वर्षांतून एकदा, साधारण १२०० किलोमीटर, ९० तास. कार्डावर शिक्के आहेत ते परतीच्या वाटेवरच्या लूदेआक कंट्रोलपर्यंत, पुढची घरं कोरी. ऑगस्ट महिना असूनही फ्रान्सच्या ब्रिटनी भागातल्या रात्रीच्या थंडीत हात इतके आखडले की ब्रेक दाबता येईना, म्हणून तिथंच थांबल्या. त्या वर्षी आपल्याकडून गेलेले बरेच जण अर्ध्यातून परतले होते. २०२३ ला मुलाची दहावी. आता २०२७. हे सगळं त्यांनी माझ्या टायरात हवा भरताना सांगितलं, पंपाच्या तालावर, दोन दोन शब्द.

आता तीनशे. जानेवारीचा शनिवार, पहाटे सहाला सुरुवात, महामार्गानं उंब्रजच्या पुढे जाऊन परत. मर्यादा २० तास. जाताना खंबाटकी घाट थंडीतच चढून झाला, दीडशेपर्यंत माझे थांबे फक्त ४८ मिनिटं. स्वतःवर इतका खूष की फोटो काढण्यात त्यातली चार गेली. परतताना समोरून वारा. साताऱ्याजवळच्या कंट्रोलवर, म्हणजे १९० च्या आसपास, ताई आधीच पोचलेल्या आणि चक्क खुर्चीवर बसलेल्या. तेव्हाच समजलं.

"डावा गुडघा. बाहेरच्या बाजूनं टोचतोय." उठल्या, हॉटेलच्या पाच पायऱ्या उतरून दाखवल्या, पुन्हा चढल्या, पुन्हा उतरल्या. दुसऱ्या वेळी तिसऱ्या पायरीवर कठडा धरला. "संपलं." हातात अजून दोन तास जास्तीचे होते, उतारही बराच बाकी होता, मी तसं म्हणालोसुद्धा. त्यांनी आयोजकांना फोन केला, मग घरी. दुधाचा रतीब एक दिवस बंद ठेवायला सांगावा तशा आवाजात. मग वडापाव मागवला, मलाही एक. गाडी येईपर्यंत मी थांबलो. त्या तीनदा जा म्हणाल्या.

पुढचे ११० एकट्यानं. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना अंधार पडलेला. मागून ट्रक आला की आधी आवाज भिंतीवर आपटतो, मग उजेड, मग वाऱ्याचा धक्का. तोपर्यंत हँडल घट्ट धरून पांढऱ्या पट्टीकडे बघायचं. शिरवळ ते खेड शिवापूर हा टप्पा आठवतच नाही. कात्रजच्या चढावर मोठ्यानं "कामं किती?" म्हणून स्वतःवरच हसलो, बाजूनं जाणाऱ्या दुचाकीवाल्यानं वळून पाहिलं.

चाक १४ तास ५२, थांबे २ तास ४६, एकूण १७ तास ३८ मिनिटं.

सकाळी ताईंचा मेसेज : "थांबे?" मी आकडा पाठवला आणि खाली लिहिलं, यातली २५ मिनिटं तुमची. उत्तर आलं : "ती तुझ्याच खात्यात. मी जा म्हटलं होतं."

गुडघ्याला फिजिओनं तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे, सीट चार मिलिमीटर खाली घेतली आहे. मार्चमधल्या तीनशेला त्या परत येतील. मी चारशेची नोंदणी केली आहे, २७ तास, म्हणजे सबंध एक रात्र रस्त्यावर. माझा पुढचा दिवा पूर्ण उजेडावर साडेतीन तासांत मान टाकतो. डायनॅमो हब (चाक फिरतं त्यावर दिव्याला वीज देणारा) वापरणारे कोणी असाल तर सांगा, घाटात चढताना सहा-सातच्या वेगाला तो लुकलुकतो का?