शून्य म्हणजे सायन

भांडुपला पालिकेच्या मराठी शाळेत मी सहावीला गणित शिकवते. पूर्णांक संख्यांचा धडा जवळ आला की दरवर्षी पोटात गोळा येतो. बेरजेपर्यंत मुलं साथ देतात. पण फळ्यावर ३ − (−२) लिहिलं की वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी शिकवणीत पाठ केलेलं म्हणतं, "वजा वजा अधिक!" बाकीचे ते वहीत उतरवतात. अधिक का, हे कुणीच विचारत नाही.

गेल्या वर्षी मी गट पाडून, गुण देऊन प्रश्नमंजूषा घेतली होती. आरडाओरडा भरपूर झाला. उत्तरं मात्र त्याच चार मुलांनी दिली आणि मागच्या बाकांवरची मुलं गुण मोजत बसली. त्या खेळात गणित नव्हतंच. गणितावर बक्षीस चिकटवलं होतं.

यंदा व्हरांड्यातल्या लाद्यांवर खडूने मध्य रेल्वेचा स्लो मार्ग काढला. सीएसएमटी ते ठाणे १९ स्टेशनं, एका लादीवर एक. १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, तोच हा मार्ग. मुलांनी दोन्ही टोकांकडून मोजलं तर बरोबर मध्ये सायन आलं. ते शून्य. ठाण्याकडे धन, सीएसएमटीकडे ऋण. घाटकोपर ३, दादर −२.

नियम दोनच. मिळवायचं तर तोंड ठाण्याकडे, वजा करायचं तर तोंड सीएसएमटीकडे. पुढची संख्या धन असेल तर सरळ चालायचं, ऋण असेल तर पाठमोरं. "बाई, फास्ट लोकल पण ठेवा ना!" अशी मागणी आली, ती मी मान्य केली नाही. स्टेशनं गाळली तर मोजणीच बिघडते.

३ − (−२) साठी एक मुलगी घाटकोपरच्या लादीवर उभी राहिली. एरवी ती वर्गात तोंड उघडत नाही. सीएसएमटीकडे वळली, थांबली, नियम पुटपुटली आणि दोन पावलं मागे सरकली. विक्रोळी, कांजूर. "बाई, तोंड सीएसटीकडे आणि पोचले कांजूरला!" कांजूरमार्ग म्हणजे ५. मग तिनेच बाकीच्यांना सांगितलं, "दोनदा उलटं केलं ना, म्हणून पुढे आले." पाठ केलेल्या त्या तीन शब्दांचा अर्थ तिच्या पायांना कळला होता. मला भरून आलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. दिवाळीनंतर गावाहून आलेला एक मुलगा नुसता भिंतीला टेकून उभा होता. त्याला स्टेशनांचा क्रमच ठाऊक नव्हता. आम्हाला तोंडपाठ असलेली लोकल त्याच्यासाठी नवा धडा होती, आणि हे माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं. संध्याकाळी मी त्याला कागदाची लांब पट्टी दिली आणि म्हटलं, तुझ्या गावाकडचा रस्ता काढ.

दुसऱ्या दिवशी त्याने एसटीचे थांबे काढून आणले. मध्यभागी गावचा फाटा, त्याखाली ठळक शून्य. पट्टी त्याने बाकावर पसरली, शेजारच्याचा हात धरून त्याचं बोट फाट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "आता माझ्या गाडीत बस."