रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल : कणखरपणाची दोन मापे

रग्बीपटू अधिक कणखर की अमेरिकन फुटबॉलपटू, हा वाद बहुधा हेल्मेटपाशी सुरू होतो आणि तिथेच संपतो. एकाच्या डोक्यावर हेल्मेट व खांद्यांवर जाड पॅड असतात, तर दुसऱ्याच्या अंगावर साधी जर्सी, तोंडात दातांचे संरक्षक कवच आणि फार तर डोक्याला मऊ टोपी. एवढ्यावरून रग्बीला झुकते माप देणे मला घाईचे वाटते, कारण संरक्षक साहित्याने आघात कमी होतोच असे नाही. उलट आघात करणाऱ्याची भीड चेपते.

दोन्ही खेळांतील टॅकल, म्हणजे समोरच्या खेळाडूला धरून पाडणे, बारकाईने पाहिले की हे स्पष्ट होते. रग्बीत ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच पाडता येते, टॅकल खांद्याच्या रेषेखालीच करावे लागते आणि हातांनी कवळ न घालता नुसता खांदा मारला तर दंड होतो. टॅकल करणाऱ्याचे स्वतःचे डोके उघडे असल्याने ते बाजूला सुरक्षित ठेवण्याची सवय त्याला लहानपणापासून लावली जाते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नसलेल्या खेळाडूलाही अडवता येते, त्यामुळे न दिसलेल्या दिशेने धडक बसण्याची शक्यता कायम असते. शिवाय चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचे असल्याने एकेका यार्डाला मोल येते आणि बचाव करणारा समोरच्याला नुसते पाडण्याऐवजी जागच्या जागी थोपवू पाहतो. सिअ‍ॅटल सीहॉक्स या अमेरिकन फुटबॉल संघाने २०१४ मध्ये रग्बीच्या धर्तीवर खांद्याने टॅकल कसे करावे हे शिकवणारी चित्रफीत प्रसिद्ध केली, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

दुसरा फरक वेळेचा आहे. अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळाने ६० मिनिटांचा असला तरी चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो सुमारे ११ मिनिटे. प्रत्येक डाव काही सेकंदांचा, त्यानंतर विश्रांती, आणि आक्रमणाचे व बचावाचे खेळाडूही वेगळे. १९५० पासून एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू बदलण्यावर मर्यादा नाही. रग्बी युनियन या पंधरा खेळाडूंच्या प्रकारातील ८० मिनिटांत चेंडू याच्या कितीतरी अधिक काळ खेळता राहतो. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघ चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तेव्हा, सर्व ताकद लावलेल्या पुढच्या रांगेतील प्रॉपला लगेच उठून धावावे लागते, टॅकल करावे लागते, आणि टॅकल केल्यावर बाजूला सरकून पुन्हा उभे राहून पुढच्या रकमध्ये, म्हणजे जमिनीवरील चेंडूभोवतीच्या रेटारेटीत, शिरावे लागते. अमेरिकन फुटबॉलमधल्या १४० किलोंच्या लाइनमनला, म्हणजे समोरासमोरच्या रांगेत भिडणाऱ्या धिप्पाड खेळाडूला, हे झेपणार नाही. मात्र त्याच लाइनमनची प्रत्येक धडक ताज्या दमाने आणि पूर्ण ताकदीने दिलेली असते, हेही विसरता येत नाही. म्हणून एकेका धडकेची तीव्रता मोजायची तर मी अमेरिकन फुटबॉलचे नाव घेईन. पण दमलेल्या शरीराने सत्तराव्या मिनिटाला पुन्हा तितक्याच नेटाने टॅकल करणे मला अधिक अवघड वाटते, आणि कणखरपणा या शब्दाने मला तेच अभिप्रेत आहे.

खेळ बदलणाऱ्यांची उदाहरणे हाच फरक दाखवतात. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग हा तेरा खेळाडूंचा रग्बीप्रकार खेळलेल्या, सुमारे १६५ किलोंच्या जॉर्डन मायलाटाला २०१८ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्स या एनएफएल संघाने निवडले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता; आज तो नावाजलेला लाइनमन आहे. वेल्सचा वेगवान विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणारा रग्बीपटू, लुई रीस-झॅमिट मात्र २०२४ मध्ये अमेरिकन फुटबॉलकडे गेला आणि पुढच्याच वर्षी रग्बीत परतला.

कणखरपणाच्या दंतकथांविषयी मात्र मला अस्वस्थता वाटते. न्यूझीलंडचा रग्बीपटू वेन शेल्फर्ड १९८६ मध्ये नाँत येथे फ्रान्सविरुद्ध दात पडल्यावर आणि अंडकोशाची पिशवी फाटल्यावर मैदानालगतच टाके घालून घेऊन पुन्हा खेळायला उतरला, ही कथा कौतुकाने सांगितली जाते. त्याच सामन्यात पुढे त्याच्या डोक्याला मार बसला, त्याला मैदान सोडावे लागले आणि तो सामना त्याला आठवत नाही, हा भाग क्वचितच सांगितला जातो. २००३ चा रग्बी विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंड संघातील हुकर, म्हणजे स्क्रमच्या पुढच्या रांगेतील मधला खेळाडू, स्टीव्ह थॉम्पसन याला अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. तो विजय आपल्याला आठवत नाही, असे त्याने स्वतः सांगितले आहे. अमेरिकेत डॉ. बेनेट ओमालू यांना माइक वेब्स्टर या लाइनमनच्या मेंदूत, त्याच्या मृत्यूनंतर, वारंवार बसलेल्या आघातांशी जोडल्या जाणाऱ्या आजाराच्या खुणा आढळल्या.

हे नुकसान केवळ मोठ्या धडकांनी होत नाही. सरावात रोज बसणारे लहान धक्केही साठत जातात. म्हणूनच एनएफएलने २०११ च्या करारात नियमित हंगामातील पॅड घालून करायच्या सरावांची संख्या १४ वर आणली आणि वर्ल्ड रग्बी या जागतिक संघटनेने २०२१ मध्ये पूर्ण झटापटीचा सराव आठवड्याला १५ मिनिटांपुरता ठेवण्याची शिफारस केली. माझ्या मते ही मर्यादा शिफारशीपुरती न राहता सक्तीची व्हावी, आणि सर्वांत आधी शालेय संघांसाठी.