कराराने दिलेला हात

२ नोव्हेंबर २०२५ च्या पहाटे साडेपाचला, कापलेल्या भाताच्या पेंढ्या अजून खळ्यातच होत्या, तेव्हा मी देवगडच्या घरच्या पडवीत मोबाईलवर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, टोरंटोतला सातवा सामना पाहायला बसलो. आदल्या रात्री ९६ चेंडू टाकून सहावा सामना जिंकून देणारा डॉजर्स संघाचा पिचर (चेंडू फेकणारा) योशिनोबू यामामोतो नवव्या, एरवी शेवटच्या, इनिंगमध्ये, दोन धावपटू बेसवर असताना, पुन्हा मैदानात उतरला. त्याने आणखी ३४ चेंडू टाकले आणि अकराव्या इनिंगमध्ये डॉजर्सने ५-४ असा सामना जिंकला. डिसेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये एकही चेंडू टाकलेला नसताना, त्याच्याशी १२ वर्षांचा ३२५ दशलक्ष डॉलरचा करार झाला होता.

आमच्याकडे हापूसची कलमे कराराने देतात. करारदार येतो, डहाळी वाकवून शेंडा निरखतो, मागच्या हंगामाची पेटी विचारतो आणि मग आकडा सांगतो. म्हणजे पैसे पुढच्या पिकाचे असले तरी भाव मागच्या पिकावर ठरतो. पिचरचेही नेमके हेच होते.

पिचर स्टीफन स्ट्रासबर्गने २०१९ मध्ये हंगाम आणि प्लेऑफ (हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) मिळून २४५ इनिंग टाकल्या, प्लेऑफमध्ये पाच सामने जिंकले आणि वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर दीड महिन्यातच त्याच्या वॉशिंग्टन संघाने त्याला सात वर्षांसाठी २४५ दशलक्ष डॉलर दिले. (आकडा तोच येणे हा योगायोग, पण इतका बोलका योगायोग क्वचितच.) पुढे मनगटाच्या आणि मग खांद्याजवळच्या नसांच्या दुखण्याने त्याला घेरले. या करारात तो फक्त आठ सामने खेळला आणि २०२४ मध्ये निवृत्त झाला. बेसबॉलमधले करार हमीचे असतात, दुखापत झाली म्हणून रक्कम बुडत नाही.

मॅडिसन बमगार्नरचे उलटे झाले. २०१४ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात, पूर्ण सामना टाकल्यावर जेमतेम दोन दिवसांची विश्रांती मिळालेली असताना, त्याने पाच इनिंगमध्ये ६८ चेंडू टाकून एकही धाव दिली नाही. त्या वेळी तो २०१२ मध्ये केलेल्या, पाच वर्षांच्या ३५ दशलक्षांच्या स्वस्त करारात अडकलेला होता. त्याला ८५ दशलक्षांचा करार मिळाला तो थेट २०१९ च्या डिसेंबरात, दुसऱ्या संघाकडून, आणि हात उतरणीला लागल्यावर. २०२३ च्या एप्रिलमध्ये त्या संघाने त्याला काढले.

आमच्या बागेतली काही कलमे एका करारदाराने तीन वर्षांसाठी घेतली होती. हापूस वर्षाआड धरतो, हे त्याला परवडणारे नव्हते. त्याने दर पावसाळ्यात बुंध्याभोवती आळे करून कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारे औषध) ओतले आणि तिन्ही वर्षे आंबा नेला. चौथ्या वर्षी डहाळ्या बोटभर आखूड झाल्या होत्या आणि मोहोर आलाच नाही. सहाव्या सामन्यानंतर सातवाही त्याच हाताने टाकून घेणाऱ्या व्यवस्थापकाचे मला कौतुक वाटते, पण पूर्ण वाटत नाही, ते यामुळेच.

बाबा चहा घेऊन आले तेव्हा मी त्यांना यामामोतोच्या कराराची मुदत सांगितली. त्यांनी रक्कम विचारली नाही.

"झाड कितक्या वर्षांचा?"

करार झाला तेव्हा पंचवीस, मी म्हणालो.

"मगे परवडात," म्हणाले, आणि पेंढ्या उचलायला खळ्यात गेले.