आत्याच्या घरी, दिंडोरीत

आज पहाटे साडेपाचला जाग आली ती धुराच्या वासानं. खिडकी उघडली तर घरामागच्या द्राक्षबागेत शेकोट्या पेटलेल्या आणि मफलर गुंडाळून मामा ओळींमधून फिरतायत. पारा घसरला की मणी तडकतात, म्हणून हे जागरण. सबंध वर्षाची मेहनत अशी एका रात्रीवर टांगलेली असते.

घर जुनंच आहे. दगडी जोतं, कौलं, पुढे शेणानं सारवलेला ओटा. आता ओट्यावर क्रेटची थप्पी आणि शेडमध्ये फवारणीचा ब्लोअर. लहानपणी इथं फक्त थॉम्पसन होती, खायच्या द्राक्षांची जात. नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि त्यानंतर हळूहळू तालुक्यात शिराज, शेनिन ब्लाँ ही वाइनच्या द्राक्षांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी बसली. मामांनीही एक एकर शिराज लावली.

त्यातला एक घड त्यांनी हातावर ठेवला. मणी बारीक, काळेभोर, साल जाड, आत बिया. चावल्यावर आधी गोड, मग जिभेला तुरट. "खायचं द्राक्ष दिसायला देखणं लागतं. याला देखणेपण नको, साखर पाहिजे," असं म्हणत त्यांनी रसाचा थेंब साखर मोजायच्या रिफ्रॅक्टोमीटरवर टाकला. २२ ब्रिक्स! तेवढ्यावर चेहरा उजळला त्यांचा.

आत्या चुलीवर बाजरीची भाकरी थापत होती. तिनं आयुष्यात वाइनचा घोट घेतलेला नाही, पण ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीची, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीची, तारीख तिला तोंडपाठ.

निघताना तिनं पिशवीभर द्राक्षं दिली. थॉम्पसनचीच.