क्लचपासून ब्रीदरपर्यंत: छोटा ट्रॅक्टर दुभागतानाची नोंद

मशीन: तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, एकच क्लच प्लेट (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी अस्तराची चकती), पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा शाफ्ट, मिनिटाला ५४० फेऱ्यांचा. तक्रार: वरच्या गिअरमध्ये जोर पडला की इंजिनाचे फेरे चढतात, चाकं मात्र मागेच राहतात. पेडलचा मोकळा खेळ, म्हणजे क्लचवर दाब येण्याआधी ते सैल जातं ते अंतर, २५ मिमी, म्हणजे लिंकेजचा (पेडल ते क्लच दांड्यांचा) दोष नाही. मोकळा खेळ शून्यावर आला असता तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं) सतत दाबून राहतं आणि चांगली प्लेटही घसरते. म्हणून हे सगळ्यात आधी बघावं, पाच मिनिटांचं काम आहे.

खरी खूण खाली मिळाली. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं आणि त्यात एक सैल कॉटर पिन लोंबत असते. चालताना ती हलत राहते म्हणून भोक चिखलाने बुजत नाही. बरेच जण ती पिन फालतू समजून काढून टाकतात, तसं करू नये. या भोकातून ठिबकणारं तेल काळं होतं आणि गिअर ऑइलचा गंधकासारखा वास त्याला नव्हता. म्हणजे इंजिनाचं तेल, म्हणजे क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य शाफ्टचं) मागचं सील गेलेलं. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गेलं असतं तर तेल सोनेरी आणि उग्र वासाचं असतं.

तयारी: गाडा, घोडे आणि पाचरी

या वर्गातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना मोटारीसारखी वेगळी चॅसी नसते. इंजिन, क्लच हाउसिंग आणि गिअरबॉक्स हाच कणा. त्यामुळे क्लच बदलायचा म्हणजे कणाच मधून सोडायचा. सोडल्यावर मागचा भाग पुढे झुकतो आणि पुढचा भाग आडवा कलंडतो, कारण पुढचा ॲक्सल मधल्या एकाच पिनवर डोलत असतो. यासाठी पुढच्या ब्रॅकेट आणि ॲक्सलच्या मधल्या फटीत दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी ठोकल्या. पाचर हाताने निघत असेल तर ती पुरेशी बसलेली नाही.

गिअरबॉक्सखाली दोन स्थिर घोडे (वजन पेलणारे लोखंडी टेकू), मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. इंजिनाच्या मागच्या टोकाखाली ७५ मिमी चॅनलचा गाडा केला, १०० मिमीची चार लोखंडी चाकं लावून. रबरी चाकं टाळली, ती वजनाखाली दबतात आणि उंची बदलते. इथे उंचीचा एक मिलिमीटरही नंतर छळतो, म्हणून गाड्याच्या माथ्यावर उंची कमीजास्त करायला एम२० चे दोन जॅकबोल्ट दिले. चाकं फरशीवर न फिरवता उलट्या ठेवलेल्या अँगलच्या दोन रुळांवर चालवली, म्हणजे पुढचा भाग सरळच मागेपुढे होतो.

गाड्याचं वेल्डिंग ३.१५ मिमीच्या ६०१३ रॉडने, साधारण ११० अँपिअरवर. अँगल ग्राइंडरला १२५ मिमीची कटिंग डिस्क. तिच्यावर छापलेली कमाल गती मिनिटाला १२,२०० फेरे, ग्राइंडरची गती तिच्या आत असलीच पाहिजे. डिस्कच्या मधल्या धातूच्या कड्यावर मुदतीचं वर्ष छापलेलं असतं, तेही वाचावं. मुदत गेलेल्या डिस्कची चिकटण कमजोर झालेली असते आणि ती फुटते तेव्हा तुकडे कुठे जातील सांगता येत नाही. गार्ड काढून मोठी डिस्क चढवणं तर कधीच नको.

टॉर्क रेंच जुना होता म्हणून आधी तपासून घेतला. त्याचा चौकोन शिकंज्यात आडवा पकडायचा, दांडी जमिनीला समांतर ठेवायची आणि मुठीच्या मधल्या खुणेवर माहीत असलेलं वजन टांगायचं. चौकोनाच्या मध्यापासून अर्ध्या मीटरवर १० किलो म्हणजे ४९ न्यूटन-मीटर. दांडीचं स्वतःचं वजन यात थोडी भर घालतं, म्हणून ४९ वर लावलेला रेंच ४७-४८ न्यूटन-मीटरच्या वजनालाच ‘टक्’ म्हणाला तर तो बरोबरच आहे. काम झालं की स्प्रिंग सैल करून सर्वांत कमी आकड्यावर ठेवायचा, त्याच्याही खाली नाही. आणि जाम बोल्ट सोडायला तो वापरायचा नाही. त्यासाठी लांब दांडीचा साधा पाना आहे.

दुभागणं

क्रम असा ठेवला: बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, डिझेलचा कॉक बंद, डिझेलच्या नळ्या, हायड्रॉलिक पंपाच्या नळ्या, थ्रॉटलची दांडी, वायरिंगचे जोड, स्टीअरिंगची ड्रॅग लिंक, शेवटी टाकीचे टेकू. प्रत्येक जोडावर कागदी टेप आणि आकडा. उघड्या हायड्रॉलिक नळ्यांना लगेच टोप्या घातल्या. बोळा कोंबू नये, त्याचे धागे नळीत राहतात आणि पुढे व्हॉल्व्हमध्ये अडकतात.

हाउसिंगचे बोल्ट सगळे एकाच लांबीचे नसतात. पुठ्ठ्यावर हाउसिंगचा गोल काढून ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी खोचला. लांब बोल्ट आखूड जागी गेला तर तो तळाला टेकतो, टॉर्क दाखवतो आणि जोड मात्र सैलच राहतो.

खालचा एक एम१० स्टड गंजलेला होता, तो पृष्ठभागालगत तुटला. ईझीआउट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार) वापरायचा मोह इथे टाळावा. तो आत तुटला तर इतका कठीण असतो की साध्या ड्रिल बिटने कापला जात नाही. तुटलेल्या तोंडावर वायसर ठेवून आतून वेल्डिंग भरलं, त्यावर नट ठेवून पुन्हा भरलं, आणि लालसरपणा गेल्यावर पाना लावून मागेपुढे हलवत काढला. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. बिडातले आटे एम१०×१.५ च्या टॅपने साफ केले. नवीन भोक पाडायची वेळ आली तर ८.५ मिमी बिट, आणि बिडात टॅप कोरडाच चालवायचा. बिडातलं ग्रॅफाइट वंगणाचं काम करतं, तेल घातलं तर भुकटीचा लगदा होतो.

एक सूचना, वेल्डिंग ट्रॅक्टरवरच करायचं असेल तर. बॅटरीसोबत अल्टरनेटरचाही जोड सोडावा आणि अर्थची पक्कड वेल्डिंगच्या अगदी जवळ लावावी. ती लांब कुठे लावली की प्रवाह बेअरिंगांमधून जातो आणि त्यांच्या गोळ्यांवर खड्डे पडतात.

आत काय निघालं

प्लेटचं अस्तर एका बाजूने तेलाने चकाकत होतं, रिव्हेट अजून ०.८ मिमी आत. म्हणजे प्लेट झिजून नाही तर भिजून गेली. भिजलेलं अस्तर पेट्रोलने धुऊन किंवा भाजून पुन्हा लावायचा सल्ला दिला जातो. तो ऐकू नये. अस्तर स्पंजासारखं तेल पितं आणि पहिल्याच गरम होण्याला ते पुन्हा वर येतं. नवी प्लेट घेतली.

फ्लायव्हीलवर (क्रँकच्या मागच्या जड चाकावर, प्लेट ज्यावर दाबली जाते) निळे डाग होते, भेगा नाहीत. डायल गेजने डोल (फिरताना होणारी वाकडी हालचाल) मोजला, ०.१ मिमीच्या आत. मोजताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरावा, नाहीतर क्रँकचा पुढेमागे होणारा खेळही आकड्यात मिसळतो आणि चांगलं फ्लायव्हील वाकडं ठरतं. ८० नंबरच्या एमरीने चकाकी मोडली, ब्रेक क्लीनरने दोनदा पुसलं.

पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक पेलणारं, क्रँकच्या मध्यातलं) काढायला पुलर लागत नाही. पोकळीत ग्रीस भरून घट्ट बसणारा गज ठोकायचा, ही जुनी युक्ती बुशसाठी उत्तम चालते. बॉल बेअरिंगमध्ये मात्र ग्रीस गोळ्यांच्या फटीतून बाहेर पिचकतं. तिथे ओल्या कागदाचा लगदा भरून ठोकावं, सातआठ ठोक्यांत बाहेर येतं.

आता सील. जुनं काढल्यावर क्रँकच्या पृष्ठभागावर चर दिसली, नखाला स्पष्ट लागणारी. इथे बहुतेक दुरुस्त्या फसतात: नवं सील त्याच जागी बसवलं की नवी धार जुन्याच चरीत जाऊन बसते आणि थोड्याच तासांत ठिबक सुरू. उपाय दोन. एक, सील मूळ जागेपेक्षा दीड-दोन मिमी अलीकडे किंवा पलीकडे दाबायचं, म्हणजे धार कोऱ्या पृष्ठभागावर चालते. मात्र तेल परत जायचं आतलं भोक झाकलं जात नाही आणि धार क्रँकच्या उतरत्या कडेवर येत नाही, हे आधी मोजून घ्यायचं. दुसरा, पाव मिमीच्या आसपास जाडीची पातळ स्टीलची स्लीव्ह चढवायची. तिच्यावर त्याच मापाचं सील बसतं. इथे जागा होती म्हणून पहिला उपाय केला. सीलचा रिंगण ठोकायला तंतोतंत व्यासाचा नायलॉनचा ठोकळा केला. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने कडेकडेने ठोकलेलं सील तिरकंच बसतं. धारेला तेलाचा हात, बाहेरची कड कोरडी.

पण सील गेलंच का?

या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत ट्रॅक्टर जोडायचा नाही असं ठरवलं, आणि ते बरं झालं. क्रँककेसचा (क्रँक असलेल्या इंजिनाच्या खालच्या भागाचा) ब्रीदर पाइप, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारी नळी, काढून फुंकर मारली तर हवा जाईना. आत कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं, पूर्ण बुजलेलं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडे वायू खाली क्रँककेसमध्ये येतातच. त्यांना बाहेर जायची वाट नसेल तर दाब चढतो आणि सर्वांत कमजोर जागेतून, म्हणजे सीलच्या धारेतून, तेल ढकलतो. व्हॉल्व्ह कव्हरच्या कडेचं आणि डिपस्टिकच्या तोंडाशी साचलेलं ओलं तेल हीसुद्धा त्याचीच खूण होती. ती आधी वाचायला हवी होती.

पाइप गजाने मोकळा करून रॉकेलने धुतला, ब्रीदरची जाळीही. तोंडाला विरळ जाळीचा तुकडा तारेने बांधला. बारीक जाळी नको, ती तेल आणि धुळीने बुजते आणि आपण माशीचंच काम करतो.

जोडणी

रिलीज बेअरिंग नवं. हे धुवायचं नसतं. बंद बेअरिंगमधलं ग्रीस रॉकेलने निघून जातं आणि ते महिन्याभरात ओरडू लागतं. प्लेटची उंच बाजू कोणती, हे काढतानाच खडूने लिहून ठेवलेलं होतं. उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतं. मध्य साधायला कठीण लाकडाचा पायऱ्यांचा दांडा केला: पुढचं टोक पायलट बेअरिंगच्या भोकात, मागचं प्लेटच्या स्प्लाइनमध्ये (शाफ्ट ज्यात बसतो त्या दात्यांच्या भोकात), सैल वाटलं तिथे टेपचे वेढे. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर, अर्धा-अर्धा फेरा. तिन्ही फिंगरांची (रिलीज बेअरिंग दाबतं त्या बोटांची) उंची डेप्थ गेजने मोजून ०.३ मिमीच्या आत आणली. एक फिंगर उंच राहिली की क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरतो.

दोन लांब एम१२ बोल्टांची डोकी कापून मार्गदर्शक स्टड केले, शेंड्याला पेचकसाची खाच. पुढचा भाग रुळांवरून ढकलत आणला. शेवटचे १०-१२ मिमी अडले. इथे बोल्ट आवळून ओढून घेऊ नये: हाउसिंगचा कान तडकतो नाहीतर प्लेटचं हब वाकतं. गिअर न्यूट्रलला होता, म्हणून इनपुट शाफ्ट सैल फिरत होता. गिअर टाकून, पुढच्या पुलीने इंजिन हळूहळू फिरवलं आणि जॅकबोल्ट अर्धा फेरा वर घेतला. मग हाताच्या दाबानेच फट मिटली. मिटल्यावर फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारी बाजूंनी फिरवलं, कुठेच गेलं नाही. एम१२ चे ८.८ दर्जाचे बोल्ट कोरड्या आट्यांवर ८५ न्यूटन-मीटर, दोन टप्प्यांत. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. आट्यांना तेल लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो.

डिझेलची हवा काढली: आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, शेवटी स्टार्टर फिरवताना इंजेक्टरचे नट अर्धा फेरा सैल. नटाजवळ हात न्यायचा नाही. या दाबाचं डिझेल कातडीच्या आत शिरतं.

चाचणी

इंजिन मंद चालू असताना तेल भरायचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं. ते थरथरलं, पण उडालं नाही. उडालं असतं तर रिंगा गेल्या समजायचं आणि ब्रीदर साफ करून भागलं नसतं. क्लचची चाचणी एकदाच घेतली: वरचा गिअर, दोन्ही ब्रेक घट्ट, थ्रॉटल कमी, पेडल हळू सोडलं, इंजिन लगेच बंद पडलं. दोन तास हलक्या कामानंतर मोकळा खेळ २५ वरून २१ मिमीवर आला, अस्तर बसतंय, पुन्हा २५ केला. तळाचं भोक कोरडं.

सध्याची स्थिती: आठ तास चालून झाले. स्टार्ट करताना निगेटिव्ह केबलवर ०.६ व्होल्ट पडतात, ०.३ च्या आत हवेत. दुभागताना सोडलेल्या अर्थच्या जागेवर रंग राहिला असावा, तो खरवडायचा आहे. पुढच्या डाव्या किंगपिनचं (चाक ज्या खिळीवर वळतं तिचं) बुश झिजलेलं आहे. ब्राँझची दोन बुशं आली, दाबल्यावर भोक आकसतं म्हणून ॲडजस्टेबल रीमर (भोक मापात आणायचं हत्यार) लागेल. पुढची नोंद त्याची.