इंग्रजी–फ्रेंच कार्डं, महिना सातवा: पुढची बाजू बदलली

आधी हिशेब. आज 'अंकी'त (शब्दांची कार्डं ठरावीक दिवसांनी पुन्हा समोर आणून घोटून घेणारं ॲप) ९१२ कार्डं आहेत, त्यांतली जेमतेम सहाशे खरोखर पाठ आहेत. मागच्या नोंदीत रोज दहा नवे शब्द करणार म्हणून फुशारकी मारली होती. मग गणपतीला चिपळूणला गेले, दहा दिवस कार्डांकडे फिरकले नाही, आणि पुण्याला परतले तर ३७० उजळण्या तुंबलेल्या. तीन आठवडे नवे शब्द बंद ठेवावे लागले. आता रोज पाच. बास.

पण त्या बंदीच्या काळात जुनीच कार्डं घोटताना खरी मजा आली. सगळ्यात मोठा शोध टोपीचा. फ्रेंच स्वराच्या डोक्यावर ती छोटी टोपी असते ना, ती पुष्कळदा गेलेल्या 'स'ची खूण असते. हॉस्पिटल–ओपिताल, फॉरेस्ट–फोरे, फीस्ट–फेत, बीस्ट–बेत. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि त्याच्या मागोमाग फ्रेंच शब्द तिकडे गेले. पुढे फ्रान्समध्ये या 'स'चा उच्चार गळाला, तरी लिहिताना तो कितीतरी वर्षं तसाच लिहीत. फ्रेंच अकादमीच्या (फ्रेंच भाषेवर देखरेख ठेवणारी संस्था) १७४० च्या कोशानं तो काढला आणि जागोजागी टोपी बसवली. इंग्रजांनी मात्र आपला 'स' जपून ठेवला. त्यामुळे टोपी दिसली की मी तिच्याखाली 'स' सरकवून बघते. दर वेळी चालत नाही. 'खात्रीचा' या अर्थाच्या 'स्यूर'वरची टोपी वेगळ्याच कारणानं आली आहे. तरी साठ-सत्तर कार्डं या एका युक्तीनं फुकटात पदरात पडली.

तिचीच धाकटी बहीण म्हणजे सुरुवातीचा 'ए'. स्टेट–एता, स्पाइस–एपीस, स्कूल–एकोल. आमची आजी 'इष्टेशन' म्हणायची, आम्ही हसायचो. जुन्या फ्रेंच लोकांचं अगदी तेच झालं होतं! सुरुवातीचा स्क, स्त, स्प जिभेवर चढेना म्हणून आधाराला पुढे 'ए' लावला: एस्कोल. काही शतकांनी 'स' गेला आणि 'ए' राहिला. म्हणजे भिंत पडली आणि परांची उभी.

आता फजिती. सारख्या दिसणाऱ्या पण अर्थ भलताच असणाऱ्या शब्दांना फ्रेंचमध्ये 'फो-झामी', खोटे मित्र, म्हणतात. यादी माझ्याकडे होतीच. लिब्रेरी म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय ते बिब्लिओतेक. आक्त्युएलमाँ म्हणजे 'सध्या', इंग्रजी 'ॲक्च्युअली' नव्हे. एवाँत्युएलमाँ म्हणजे 'जमलं तर', 'शेवटी' नव्हे. हे सगळं पाठ असून फ्रान्सातल्या लियाँ शहरातल्या बाईंना (दर रविवारी व्हिडिओवर मी त्यांना थोडं मराठी शिकवते, त्या मला फ्रेंच) आईच्या लोणच्याचं कौतुक सांगताना मी ठणकावून म्हणाले की यात प्रेझेर्व्हातीफ अजिबात नाहीत. बाई दोन क्षण गप्प. मग म्हणाल्या, "नसतील अशी आशा आहे." फ्रेंचमध्ये तो शब्द निरोधसाठी आहे. अन्न टिकवणारं रसायन म्हणजे कोंसेर्व्हातर, आणि गंमत अशी की जुन्या विचारांचा माणूससुद्धा कोंसेर्व्हातरच.

त्या रविवारनंतर मी कार्डाच्या पुढच्या बाजूवरचं इंग्रजी काढून तिथे मराठी लिहायला लागले. सगळीकडे नाही. जिथे इंग्रजी शब्द मधे लुडबुड करतो तिथेच. तयार याद्या इंग्रजीतल्या मिळतात म्हणून आपण इंग्रजीवरून जातो, एरवी तो वळसाच आहे.

उदाहरणार्थ 'शे'. इंग्रजी कार्डावर याचे चार अर्थ लिहिले होते आणि चारही विसरायचे. मराठीत एक प्रत्यय पुरला: 'कडे'. शे म्वा, माझ्याकडे. शे ल मेद्सँ, डॉक्टरांकडे. संपलं. 'परवा'चंही तसंच. इंग्रजीत त्यासाठी चार-पाच शब्दांची आगगाडी लागते. फ्रेंचमध्ये गेलेला परवा आव्हाँतिएर, येणारा परवा आप्रे-दमँ. (आपल्याकडे एकाच 'परवा'वर दोन्ही भागतं, म्हणून कार्डं दोन.) जे फँ म्हणजे शब्दशः 'मला भूक आहे', इंग्रजीतून आलं की हात आपोआप 'मी भुकेली आहे'कडे वळतो. इंग्रजी 'टू नो'चे (जाणणं) फ्रेंचमधले दोन तुकडे, साव्हवार आणि कोनेत्र, मराठीत आधीच वेगळे आहेत: माहीत असणं आणि ओळखणं.

नद्यांवर मी एक अख्खी संध्याकाळ घालवली. इंग्रजी 'रिव्हर'साठी फ्रेंचमध्ये दोन शब्द आहेत. समुद्राला मिळते ती फ्लव्ह, दुसऱ्या नदीला मिळते ती रिव्हिएर. आकाराशी संबंध नाही. म्हणजे गोदावरी, कृष्णा फ्लव्ह. एवढी मोठी भीमा कृष्णेला मिळते म्हणून रिव्हिएर. आणि आमची चिपळूणची वाशिष्ठी सरळ अरबी समुद्रात जाते, म्हणून फ्लव्ह! घरी फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "पूर येतो तेव्हा कळतंच की."

इथे मराठीचं मराठीपणही थोडं बाजूला ठेवावं लागतं, कारण काही शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतातून आले आहेत आणि पोर्तुगीज ही फ्रेंचची सख्खी बहीण. पाइनॲपलला फ्रेंचमध्ये अनाना, काही जण अनानास म्हणतात. हे कार्ड मी केलंच नाही. पाव तिकडे पँ. चावी आणि फ्रेंच क्ले वरवर लांबचे वाटतात, पण दोघांचं मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. सगळ्यात आवडलेला: मेत्र, म्हणजे मास्तर, उस्ताद. त्याच्या 'इ'वर टोपी आहे. टोपीखाली 'स' सरकवा. मेस्त्र. आपला मेस्त्री! कोकणातल्या प्रत्येक सुतारानं तो 'स' सांभाळून ठेवलाय.

लिंगाचं दुखणं तसंच आहे. आपली तीन, त्यांची दोन, त्यामुळे आपली सगळी नपुंसकलिंगी मंडळी कुठे ढकलायची ते एकेक पाठ करावं लागतं. पुस्तक, लिव्र, पुल्लिंगी. तोच लिव्र स्त्रीलिंगी केला की पौंड. शेवटी 'सियों' आला तर स्त्रीलिंगी, 'माँ' आला तर बहुतेक पुल्लिंगी, एवढ्यावर सध्या निभावतंय.

या महिन्याचं शेवटचं कार्ड जोडीचं आहे: त्युत्वाये आणि वूव्वाये. इंग्रजी कोशात एकेकासमोर अख्खं वाक्य लिहिलंय. मी पुढच्या बाजूवर लिहिलं, अरे-तुरे करणं, अहो-जाहो करणं. गेल्या रविवारी बाई स्वतःहून म्हणाल्या, सात महिने झाले, आता आपण त्युत्वाये करू या. मी लगेच हो म्हणाले आणि पुढच्याच वाक्यात त्यांना 'वू' म्हणून मोकळी झाले. त्या माझ्या आईपेक्षा मोठ्या आहेत हो.